समाजाचा कप नको, गावचं मैदान हवं

दिवाळी सरते, भात कापून होतं आणि आपल्या किनाऱ्यावर खेळपट्ट्या उगवायला लागतात. महिन्याभरापूर्वी ज्या मळ्यात घोट्याएवढा चिखल होता तिथे रोलर फिरतो. बांबू रोवून हॅलोजन चढतात, लाउडस्पीकरवर मालवणीत समालोचन सुरू होतं आणि मोबाइलवर पोस्टरांचा पाऊस पडतो : अमुक वाडीचा चषक, तमुक मंडळाची लीग, प्रवेश फी इतकी, पहिलं बक्षीस तितकं, मालिकावीराला सायकल. खाली आमदारांपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांचे फोटो. गेल्या काही वर्षांत यातल्या बऱ्याच पोस्टरांवर एक ओळ वाढली आहे : 'फक्त समाजबांधवांसाठी'.

हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे. प्रत्येक समाजाला आता आपापला चषक हवा आहे. आपणही मागे नाही. आपल्या मोहल्ल्यांतूनही लीग निघतात, खेळाडूंचा लिलाव होतो, पाठीवर नाव छापलेल्या जर्सी येतात, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण आणि क्रिकहीरोजवर धावफलक चालतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, घर मालवण तालुक्यात. हंगामात रजा टाकून गावच्या संघातून खेळतो. आता गुडघे कुरकुरतात म्हणून बऱ्याचदा स्कोअर लिहितो. त्यामुळे ही पोस्टरं मलाही येतात, आणि 'तुझी एंट्री पक्की ना?' असे फोनही येतात. माझं उत्तर 'नाही' असं असतं. ते का, हे एकदा नीट मांडावं म्हणतो.

कप का निघतात

आधी समोरच्याची बाजू. समाजाचा कप काढणारी पोरं वाईट नाहीत. मी त्यातल्या अनेकांसोबत खेळलो आहे आणि त्यांची कारणं खरी आहेत.

मोठ्या बक्षिसाच्या खुल्या स्पर्धेत बाहेरून पैसे देऊन खेळाडू आणतात. मुंबई-रायगडचे चार तगडे फलंदाज आले की गावचा पोरगा सीमारेषेबाहेर बसून पाण्याच्या बाटल्या देतो. समाजाच्या कपात त्याला निदान दोन षटकं मिळतात. आखातातले मामू, मुंबईतले चाचा हौसेने पैसे देतात. जेवण काय असेल याची चिंता नसते, मगरिबला दहा मिनिटं खेळ थांबतो, रात्री उशिरा बाटल्या निघत नाहीत. मुंबईहून आलेली, एकमेकांची नावंही विसरलेली नात्यातली पोरं तीन दिवस एकत्र येतात. घरचे म्हणतात, जा बाबा, आपल्यातच आहेस.

हे सगळं मला मान्य आहे. तक्रार आहे ती यातल्या एकाही गोष्टीसाठी 'फक्त समाजबांधवांसाठी' ही ओळ लागत नाही, याची. बाहेरचे खेळाडू नकोत तर 'फक्त तालुक्यातले खेळाडू' असा नियम करता येतो. बाटल्या नकोत तर त्या कुठल्याच आईला नको असतात, आपल्याही आणि शेजारच्याही. नमाजसाठी खेळ थांबवायचा तर तसं वेळापत्रकात लिहिता येतं. त्याकडे पुढे येतोच.

शिवाय 'समाजबांधव' म्हणजे नक्की कोण, हाही प्रश्न आहे. आपल्या काही कपांत जमातीच्या यादीत नाव लागतं. मग मालवणच्या बेकरीत दहा वर्षं राबणारा उत्तर प्रदेशचा पोरगा, ट्रॉलरवर खलाशी म्हणून आलेला, फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डिंग करणारा, हे बाहेर. तेही मुसलमान, शुक्रवारी आपल्याच सफेत उभे. तरी ते 'आपले' नाहीत. कुंपण घालायला सुरुवात झाली की ते आपल्या मनासारख्या जागी थांबत नाही.

फेब्रुवारी २०२५ नंतर

गेल्या काही काळात या कारणांमध्ये भीती हे आणखी एक कारण आलं आहे. त्याबद्दल कुणी पोस्टरवर लिहीत नाही, पण घराघरांत बोललं जातं.

२३ फेब्रुवारी २०२५ रोजी दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीचा भारत-पाकिस्तान सामना होता. विराट कोहलीने नाबाद शतक ठोकलं, भारत सहज जिंकला. त्या रात्री मालवणात एका भंगार व्यावसायिकाच्या अल्पवयीन मुलाने देशविरोधी घोषणा दिल्याची तक्रार झाली. पोलिसांनी मुलाला ताब्यात घेतलं, आईवडिलांना अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी नगरपरिषदेने त्या कुटुंबाचं दुकान अनधिकृत बांधकाम म्हणून पाडलं. आरोप झाला म्हणून कुणाचं बांधकाम पाडता येणार नाही, आधी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने तीनच महिन्यांपूर्वी, १३ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला होता. कुटुंब अवमान याचिका घेऊन तिथे गेलं आणि मार्च महिन्यात न्यायालयाने नोटीस काढली. कायद्याची बाजू कायद्याच्या ठिकाणी लढली जाईल, लढली जावी.

मी बोलतो आहे त्यानंतर आपल्या घरांत जे झालं त्याबद्दल. मॅच चौकातल्या स्क्रीनवर बघू नकोस. फटाके वाजले तर खिडकीत जाऊ नकोस. दुसऱ्या वाडीच्या ग्रुपमधून बाहेर पड. अम्मी हे काळजीने सांगते आणि तिची काळजी चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. त्याच वेळी आपल्यातलेच काहीजण हलक्या आवाजात म्हणत होते, 'ते तर परप्रांतीय, आपल्यातले नव्हेत.' हे वाक्य मला आईच्या काळजीपेक्षा जास्त टोचलं. वर ज्या कुंपणाबद्दल लिहिलं, त्याचंच हे दुसरं टोक आहे.

अशा रात्री एका माणसाची फार गरज असते. 'थांबा, मी या पोराला ओळखतो' असं म्हणणाऱ्या माणसाची. हा माणूस भाषणांनी तयार होत नाही, शांतता समितीच्या बैठकीतही होत नाही. तो टेम्पोच्या हौद्यात उभं राहून सामन्याला जाताना तयार होतो. एकाच बॅटवर तिघांनी हंगाम काढताना, शेवटच्या षटकात झेल सुटल्यावर शिव्या घालताना आणि नंतर त्याच गाडीवर मागे बसून घरी येताना तयार होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानकडून भारत हरला आणि समाजमाध्यमांवर मोहम्मद शमीच्या धर्मावरून विखार सुरू झाला. तेव्हा कर्णधार कोहली पत्रकार परिषदेत त्याच्या बाजूने उभा राहिला. त्याला शमीबद्दल कुणाकडून काही ऐकण्याची गरज नव्हती. शमीचे घामाने भिजलेले टी-शर्ट त्याने वर्षानुवर्षं शेजारच्या खुर्चीवर पाहिले होते.

आपण आपल्याच कपात आपल्याच पोरांसोबत खेळलो, तर आपल्याला ओळखणारी माणसं फक्त आपल्यातलीच राहतील. भीतीमुळे आपण मैदान सोडतो, आणि मैदान सोडल्यामुळे भीतीचं कारण वाढतं.

मुंबईत हे एकदा झालं आहे

समाजाच्या संघांचा प्रयोग नवा नाही. तो मुंबईत जवळजवळ चाळीस वर्षं चालला आणि त्याचा निकाल आपल्यासमोर आहे.

१८७५ साली बॉम्बे जिमखाना निघाला. तिथले गोरे साहेब परेड ग्राउंडवर पोलो खेळायचे आणि घोड्यांच्या टापांखाली देशी पोरांच्या खेळपट्ट्या उखडल्या जायच्या. १८८० च्या दशकात पारशी आणि हिंदू तरुणांनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. रामचंद्र गुहा यांनी 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' या पुस्तकात हा लढा सविस्तर सांगितला आहे. मागणी साधी होती : सार्वजनिक मैदान सगळ्यांना खेळता येईल असं ठेवा. सरकारने पुढे जागा दिल्या, पण धर्मवार. आज मरीन ड्राइव्हवरून टॅक्सीने जाताना पारसी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना अशा पाट्या ओळीने दिसतात, त्या या वाटणीच्या खुणा आहेत. मागितलं होतं एक मैदान, पदरात पडले कुंपण घातलेले तुकडे.

स्पर्धाही त्याच वाटेने गेल्या. १९०७ मध्ये युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी, १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर चौरंगी, १९३७ मध्ये पंचरंगी. पाचव्या संघाचं नाव होतं 'द रेस्ट', म्हणजे उरलेले. त्यात मुख्यतः ख्रिस्ती खेळाडू. विजय हजारे त्या 'उरलेल्यां'कडून खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध त्यांच्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या होत्या. एवढ्या मोठ्या खेळाडूची ओळख काय, तर उरलेला.

आणि 'हिंदू' संघ तरी एक होता का? डावखुरा फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर आपल्याच कोकणातल्या मुळाचे, चांभार घराण्यातले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. पण पुण्यात त्यांना चहा संघाच्या तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा, आणि हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले, तेही बऱ्याच भांडणानंतर. समाजाच्या नावाने संघ बांधला की आत पुन्हा वरचा आणि खालचा असतोच. जमातीची यादी आणि बेकरीतला पोरगा आठवा.

१९४० मध्ये गांधीजींनी या धर्मवार सामन्यांना जाहीर विरोध केला. लोक तरी गर्दी करतच राहिले, कारण क्रिकेट उत्तम व्हायचं. अखेर १९४६ मध्ये पंचरंगी बंद पडली. क्रिकेट काही मेलं नाही. प्रांतवार रणजी स्पर्धा १९३४ पासून सुरू होतीच, तिने ती जागा घेतली. या बदलाचा फायदा कुणाला झाला? रत्नागिरी जिल्ह्यातल्या कालुस्ते गावात जन्मलेले गुलाम पारकर 'मोहमेडन' संघाचे म्हणून ओळखले गेले नाहीत. ते मुंबईचे सलामीवीर होते, कव्हरमधले चित्त्यासारखे क्षेत्ररक्षक होते. १९८२ मध्ये ते लॉर्ड्सवर भारताकडून कसोटी खेळले. त्यांचे बंधू झुल्फिकार मुंबईचे यष्टिरक्षक. वानखेडेवर त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांनी आधी जमात विचारली नाही.

रमजानचं गणित

आता व्यवहाराकडे येऊ. खुल्या स्पर्धेत खेळायचं तर आपली एक खरी अडचण आहे, ती कॅलेंडरची.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आपल्याकडे टेनिस बॉलचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. काही वर्षांपूर्वी रमजान जून-जुलैच्या पावसात होता, तेव्हा क्रिकेटशी त्याची गाठ पडत नव्हती. आता पडते. २०२५ मध्ये तो मार्चच्या सुरुवातीला लागला. २०२६ चा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, २०२७ चा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, २०२८ चा जानेवारीच्या अखेरीस. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा : जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. एखादा दिवस चंद्रावर मागेपुढे होईल, पण पुढची सहा-सात वर्षं रमजान भर हंगामात आहे हे आजच सांगता येतं.

म्हणजे आपण काही बोललो नाही तर दरवर्षी एक महिना मुसलमान पोरं आपोआप खुल्या स्पर्धांतून बाहेर पडणार. मग ती रात्री तरावीहनंतर मोहल्ल्यात आपापसांत खेळणार, आणि वर्षभराने त्याचाच कप निघणार. कुणी हाकलून लावलं नाही, तरी वेगळं होणं घडून गेलं.

यावरचा उपाय माझ्या रोजच्या कामातला आहे. वेळापत्रक लावताना अडचणीच्या तारखा आधी भरायच्या. आयोजक अंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेच्या दिवशी सामना ठेवतात का? नाही ठेवत, कारण सगळं गाव तिकडे असतं. तिची तारीख देवीच्या कौलावर ठरते, आधीपासून माहीत नसते, तरी सगळे जुळवून घेतात. दहावी-बारावीच्या परीक्षेतही जुळवून घेतात. रमजानच्या तारखा तर कित्येक वर्षं आधी माहीत असतात. अंतिम फेरी ईदनंतर ठेवा, रोजेदारांच्या संघाचा सामना इफ्तारनंतरच्या सत्रात लावा, मगरिबच्या वेळी पंधरा मिनिटांचा ब्रेक द्या. आमच्या संघाचा उपांत्यपूर्व सामना एकदा नेमका सूर्यास्ताला आला होता. आमचा कर्णधार, जो मुसलमान नाही, आयोजकांकडे गेला आणि दोन सामन्यांची अदलाबदल करून आला. दोन मिनिटं लागली. समोरच्या संघाने खजूर खाल्ले ते वेगळंच. मागितलं असतं तर बहुतेक ठिकाणी असं होतं. आपण मागतच नाही.

अर्धा संघ घरी

आतापर्यंत 'पोरं, पोरं' लिहीत आलो, कारण समाजाचा असो की खुला, कपात मुली नसतातच. याबाबतीत आपलं आपल्याला बोललंच पाहिजे.

सातवी-आठवीपर्यंत आपल्या मुली शाळेत खो-खो, कबड्डी, धावणं सगळं खेळतात. मग एक दिवस खेळ सुटतो. कारण विचारलं तर 'आता मोठी झाली'. मुलगी मोठी होणं आणि खेळ सुटणं यांचा संबंध दीनने लावलेला नाही. हजरत आयेशा यांनी नबी (स.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावल्याची हदीस आपल्या मदरशांतही सांगितली जाते. कपड्यांचं म्हणाल तर फिफाने २०१४ मध्ये डोकं झाकून फुटबॉल खेळायला अधिकृत परवानगी दिली. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि ट्रॅक पॅन्ट घालून कबड्डीही खेळता येते, धावताही येतं. दोनदा जगज्जेती झालेली मुष्टियोद्धा निखत झरीन निजामाबादची. तिच्या वडिलांनी तिला मैदानावर नेलं, लोकांची बोलणी स्वतः ऐकून घेतली.

अडचणी बहुतेक साध्या आहेत. कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छ शौचालय नाही, महिला प्रशिक्षक नाही, आणि सरावाची वेळ अशी की परत येईपर्यंत काळोख. या अडचणी आपल्याच मुलींच्या नाहीत, गाबीत, भंडारी, मराठा घरांतल्या मुलींच्याही याच आहेत. म्हणून त्यावर 'मुस्लिम मुलींसाठी वेगळं केंद्र' हा तोडगा मला पटत नाही. आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी चार ते सहा मैदान फक्त मुलींचं, अशी मागणी सगळ्या आया मिळून करू शकतात.

मालवणात याला चांगला आधार आहे. नारळी पौर्णिमेला किल्ले सिंधुदुर्गावरून मानाचा नारळ समुद्राला अर्पण होतो, बंदरावर गर्दी लोटते आणि बाजारात बायकांच्या नारळ लढवण्याच्या स्पर्धा लागतात. एरवी घरच्या कामात असणाऱ्या बायका त्या दिवशी भर रस्त्यात नारळावर नारळ आपटतात आणि पुरुष बाजूला उभे राहून बघतात. पूजा ज्याची त्याची. ज्याला करायची नाही त्याने करू नये. पण नारळ लढवायला मनगटात जोर लागतो, एवढंच. आपल्या बहिणी तिथे का नसाव्यात?

आणि समुद्र. दर डिसेंबरला चिवला बीचवर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होते. राज्यभरातून मुलं-मुली येतात, काहींनी त्याआधी समुद्र पाहिलेलाही नसतो. आपण समुद्राच्या कुशीत राहतो. आपल्या मोहल्ल्यातल्या किती मुलांना, किती मुलींना रीतसर पोहता येतं? तारकर्लीत स्कूबा डायव्हिंगचं सरकारी प्रशिक्षण केंद्र आहे, पर्यटनाचा सगळा रोजगार पाण्यावर आहे. पोहणं इथे हौसेच्याही पुढे जाऊन पोटाचा प्रश्न आहे.

प्रमाणपत्राला किंमत कशाची

पोटाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीत खेळाचे वाढीव गुण मिळतात. त्यासाठी लागतात ती शालेय क्रीडा स्पर्धांची आणि मान्यताप्राप्त संघटनांच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत या स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत दरवर्षी होतात, मुलांच्या आणि मुलींच्याही. समाजाच्या कपात मिळालेली पाच फुटी ट्रॉफी घरच्या शोकेसमध्ये छान दिसते, ओरोसच्या क्रीडा कार्यालयात तिचा उपयोग शून्य. टेनिस बॉलमध्येच पुढे जायचं असेल तरी २०२४ मध्ये ठाण्यात सुरू झालेल्या इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगसारख्या ठिकाणी निवड होते ती खुल्या चाचणीतून. तिथे बाहेरच्या वेगवान गोलंदाजाला खेळायची सवय लागते. ती सवय चुलतभावांच्या फुलटॉसवर होत नाही.

आपल्या मोहल्ल्यात वर्षाला कपावर जेवढा खर्च होतो, त्यातून चार मुलांची कबड्डीची किंवा ॲथलेटिक्सची वर्षभराची तयारी होईल. बूट, खुराक, ओरोसला जायचं भाडं. देणाऱ्या मामू-चाचांना हा हिशेब कुणी दाखवत नाही.

काय मागायचं, काय द्यायचं

मैदान ही मेहेरबानी नव्हे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत बारावी अनुसूची जोडली. शहरातल्या स्थानिक संस्थांचे १८ विषय त्यात आहेत आणि बागा-क्रीडांगणांची सोय हा त्यातला एक. म्हणजे मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी इथल्या नगरपरिषदांकडे मैदानाचा प्रश्न घेऊन जाणं हा आपला नागरिक म्हणून हक्क आहे. मुस्लिम म्हणून वेगळं निवेदन देण्याची गरज नाही. वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन जा.

मागण्या मोजक्या असाव्यात. नगरपरिषदेने वर्षाचं क्रीडा आणि उत्सवांचं एकच कॅलेंडर आधी जाहीर करावं आणि त्यात परीक्षा, जत्रा, गणपती, रमजान, नाताळ सगळं धरलेलं असावं. सार्वजनिक मैदान कुणाला, किती दिवस, किती भाड्याने दिलं याची यादी फलकावर लावावी. लावली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. सार्वजनिक मैदानावरच्या किंवा सार्वजनिक पैशातून होणाऱ्या स्पर्धेत 'फक्त समाजबांधवांसाठी' ही अट कुणालाच घालू देऊ नये, आपल्यालाही नाही. मुलींसाठी राखीव वेळ, कपडे बदलायची खोली, चालू स्थितीतलं शौचालय. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा दिवसांचं पोहण्याचं शिबिर.

एवढं मागायचं तर आपणही काही द्यायला हवं. स्पर्धेच्या आयोजन समितीत आपण नसतो, अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. समितीत शिरण्याचा रस्ता खुर्च्या मांडण्यातून जातो. रोलर ओढायला, पाण्याचा टँकर सांगायला, स्कोअर लिहायला, रात्री मैदान झाडायला माणसं कायम कमी पडतात. दोन हंगाम हे करणाऱ्याला तिसऱ्या हंगामात बैठकीला बोलावतातच. ज्यांना कोडिंग येतं त्यांनी वेळापत्रक लावून द्यावं. एका संध्याकाळचं काम आहे, आणि रमजानच्या तारखा त्यात आपोआप भरल्या जातात.

'आम्हाला घेतच नाहीत' असं काही ठिकाणी खरंच होतं, हे मला माहीत आहे. एका समाजाच्या लीगमध्ये आमच्या गावच्या यष्टिरक्षकाला, तो सगळ्यात चांगला असूनही, आडनाव विचारून परत पाठवलं. तो मुसलमान नव्हता, फक्त 'त्या' समाजाचा नव्हता. त्याला जसं वाटलं तसंच आपल्याला वाटतं. म्हणून या लढाईत आपण एकटे नाही. प्रत्येक कपाच्या कुंपणाबाहेर दुसऱ्या समाजाची चांगली पोरं उभी आहेत. त्यांना सोबत घेऊन तालुक्याच्या पातळीवर एक खुली स्पर्धा उभी करता येईल : बाहेरचा विकत घेतलेला खेळाडू नाही, प्रत्येक संघात किमान तीन वाड्यांची पोरं हवीत, आणि मुलींचे सामने त्याच मैदानावर, त्याच लाइटखाली, तेवढ्याच बक्षिसाचे.

या हंगामात तुमच्याकडे समाजाच्या कपाची पावती घेऊन कुणी आला तर त्याच्याशी भांडू नका. पैसे देताना एवढंच सांगा की पोस्टरवरची ती एक ओळ काढ, मी दुप्पट देतो.